शेवटची उत्तीर्ण इयत्ता

दि. ९ नोव्हेंबर, गुरुवार

चि. गुण्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक. तूही ठीक असशील अशी आशा करतो. आशाच करतो, कारण मला तू कळवत नाहीस.

तू गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत माझ्या हातून झालेली कामं येणेप्रमाणे. पाण्याच्या मोठ्या पंपाच्या कवचाचा लाकडी नमुना, दोन भागांत, सांधा नखाला लागणार नाही असा. चौऱ्याऐंशी दातांच्या चाकाचा नमुना, एकेक दात सुटा करून बसवलेला. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचं बूड, चार तऱ्हांचं. एका छापखान्याच्या जुन्या यंत्राची मोडलेली बाजू. तिचा नकाशा कुणाकडेच नव्हता, तुकडे समोर मांडून केली. घरात स्वयंपाकघराचं सरकतं दार, आईच्या शिवणयंत्राला नवी फळी, आणि तुझ्या टेबलाच्या खणाला नवी बैठक. हवा दमट झाली की तो फुगून अडकायचा. आता एका बोटानं सरकतो.

लोखंड ओतायच्या आधी त्याचं लाकडी रूप मी घडवतो, वाळूत त्याचा ठसा उठतो आणि त्या पोकळीत लोखंड जातं, हे तुला सांगायची गरज नाही. तू चालायला लागलीस ती माझ्या भुशातच, आणि सरळ काटकोनात उभी राहायचीस म्हणून तर सुतारी हत्यारावरून गुण्या हे नाव पडलं. पण मध्यंतरी एका कारकुनानं मला "म्हणजे सुतार ना?" असं विचारलं, तेव्हापासून मी दिसेल त्याला हे सांगत सुटलो आहे.

हा कारकून कुठून आला, तर ती बातमी अशी की मी शाळेत नाव घातलं आहे. पालिकेच्या शाळेत संध्याकाळी सहा ते आठ मोठ्या माणसांचे फुकट वर्ग चालतात. एप्रिलमध्ये दहावीच्या बरोबरीची परीक्षा. हसायचं तर हसून घे. तुझी आई हसली. म्हणाली, "दप्तर शिवून देऊ का? कापड उरलंय."

मी जातो ते उजळणी म्हणून. माणसानं अधूनमधून उजळणी करावी.

नाव नोंदवायला तीन तास रांगेत होतो. फॉर्मवर एकोणीस रकाने. त्यांतला सातवा आणि बारावा एकच माहिती विचारतात, फक्त शब्द फिरवून. मी हे दाखवून दिलं. कारकून म्हणाला, "दोन्हीकडे लिहा." का? तर दोन्हीकडे जागा आहे म्हणून! फॉर्म भरून दिला तर त्यानं परत माझ्याकडे सरकवला.

"काका, ही ओळ राहिली."

"राहू द्या."

"राहू द्या कसं? शेवटची उत्तीर्ण इयत्ता. त्याशिवाय तुम्हाला बसवू कुठे?"

"कुठेही बसवा. उभा राहायलासुद्धा माझी हरकत नाही."

"काका, लग्नाची पत्रिका नाहीये ही, आवडेल ते छापायला. मागे वीस माणसं खोळंबलीत."

मी मोजली. चौदा होती. पण ती चौदा माणसं माझ्या मानेकडे बघत होती, तेव्हा मी लिहिलं. त्यानं वाचलं, मान वर न करता शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचे या." एवढंच. जी गोष्ट लिहायला माझा हात तयार नव्हता, तिला त्या माणसानं अर्धा सेकंदही दिला नाही.

वर्ग भरतो तो लहान मुलांच्या तिसरीच्या खोलीत. बाकं त्यांच्याच मापाची. माझे गुडघे आत जात नाहीत, म्हणून मी तिरका बसतो आणि दोन तासांनी कंबर तिरकीच उठते. बाकाचा मागचा उजवा पाय चार मिलिमीटर आखूड आहे. शेजारी जी बाई बसते ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. माझ्याहून ती सहा वर्षांनी लहान, पण सगळा वर्ग तिला मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. ती लिहायला वाकली की माझी ओळ हलते. दुसऱ्या दिवशी मी पाचर करून नेली आणि पायाखाली बसवली. फळा डावीकडे नऊ मिलिमीटर उतरता होता, तोही मधल्या सुट्टीत सरळ केला. मावशी बघत होती. म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकायला आलात की तपासणीला?"

शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या असतील. चष्मा दोरीला बांधलेला. मला काका म्हणतात, पण खडू मोडला तरी आवाज वर जात नाही. मला त्यांचा नाही, पुस्तकाचा राग येतो. पहिल्याच आठवड्यात गणित काय, तर एक सुतार एक टेबल दोन दिवसांत करतो, तर दहा सुतार तेच टेबल किती दिवसांत करतील? मी लिहिलं, करणार नाहीत. बाईंनी विचारलं, असं का? मी म्हटलं, एका टेबलाभोवती दहा सुतार उभे कुठे राहणार? तिघं करवत मागतील, दोघं चहाला जातील आणि उरलेले मापावरून भांडतील. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "खरं आहे काका. पण परीक्षेत एक पंचमांश दिवस लिहा." म्हणजे खरं कळलं असलं तरी ते लिहायचं नाही. याला शिक्षण म्हणतात.

आता मुद्द्याचं. तुला मला एक गोष्ट सांगायची आहे, ती ३१ जानेवारीच्या आत. तुझ्या त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाशी तिचा संबंध आहे. त्याचं दार तुला बंद झालं असं तू धरून चाललीस. ते पूर्ण बंद झालेलं नाही. कसं ते सांगायचं तर आधी आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या मला एका बैठकीत जमत नाहीत. ओतकाम घाईनं थंड केलं तर तडकतं.

तू निघालीस त्या सकाळी मी जे बोललो त्याबद्दलही लिहायचं आहे. आज नाही.

तुझे,
बाबा


दि. ३ डिसेंबर, रविवार

चि. गुण्यास,

आशीर्वाद. पत्र पोचलं हे आईकडून कळलं. तू फोनवर तिला म्हणालीस, "बाबांच्या पत्रात टेबलाचा खण आहे, पंपाचं कवच आहे. मी कुठे आहे?" तिनं ते मला तस्संच सांगितलं. तिची पाठ करायची शक्ती दांडगी आहे, विशेषतः माझ्याविरुद्धचं असलं की. वर स्वतःची भर घातली, "अहो, पोरीला एकतीस जानेवारी तेवढी सांगितलीत, आणि काय ते सांगितलंच नाहीत. तिला झोप लागत नसेल." तिलाही मी काय ते सांगितलेलं नाही, हा त्यातला खरा राग.

तू पत्रात आहेस. मला लिहिता आलं नसेल, पण आहेस.

घटक चाचणी झाली. पंचवीसपैकी अकरा. थांब, पुढचं वाच.

भूमितीचा प्रश्न होता. छापलेल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजा आणि परिमिती काढा. मोजा! मला वाटलं, चला, निदान एक तरी प्रश्न माणसाला विचारल्यासारखा विचारला. पाव मिलिमीटर मला नुसत्या डोळ्यांनी कळतो. खिशातली पोलादी पट्टी काढली आणि मोजलं. अकरा पूर्णांक नऊ. आठ पूर्णांक नऊ. चौदा पूर्णांक पंच्याऐंशी. शेजारी मावशी आपल्या मोडक्या पट्टीनं मोजून बारा, नऊ आणि पंधरा लिहीत होती. मनात म्हटलं, बघा, लोक कसे गोळाबेरीज करतात. मी परिमिती काढली, पस्तीस पूर्णांक पासष्ट, आणि समासात टीप लिहिली: "छापताना आकृती लहान झाली आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली सही केली.

पुढचा प्रश्न, दहा सेंटिमीटरची रेषा काढा. काढली. पेन्सिलीला मुद्दाम टोक करून.

बुधवारी बाईंनी पेपर वाटले. भूमितीचे सगळे गुण कापलेले. मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाई, बाकीचं चुकलं असेल, मोजमाप चुकणार नाही. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही."

"काका, पट्टी बघू."

त्यांनी माझी पट्टी टेबलावर ठेवली, शेजारी स्वतःची गुलाबी प्लास्टिकची. शून्याला शून्य लावलं आणि बोट सरकवत नेलं. पाचाजवळच फरक दिसायला लागला. पंधराजवळ तर शेवटच्या बाकावरच्यालाही दिसला असता. आणि शेवटच्या बाकावरचे खरंच उठून आले होते.

ओतीव लोखंड थंड होताना शंभराला एक या प्रमाणात आकसतं. म्हणून आम्हा लोकांची पट्टीच मुळात तेवढी लांब आखलेली असते, म्हणजे नमुना मोठा होतो आणि लोखंड आकसून बरोबर मापावर येतं. माझ्याकडे दोन्ही पट्ट्या आहेत. साधी कारखान्यात खुंटीला असते आणि आकसणारी कायम खिशात. तीस वर्षं. त्या संध्याकाळी हाताला तीच लागली आणि माझ्या डोक्यात आलंच नाही की दुसरी पण असते. त्रिकोण लोखंडाचा नव्हता. कागदाचा होता. एवढी साधी गोष्ट.

मावशी म्हणाली, "अगं बाई! आणि मला वाटलं मीच अडाणी. माझं आपलं मोडक्या पट्टीनं बरोबर आलं."

वर्ग असा हसला की शाळेचा पहारेकरी दारात येऊन बघून गेला. मी पट्टी उचलली आणि निघणार होतो. खरंच निघणार होतो, चप्पल घातली होती. तेवढ्यात बाईंनी खडू पुढे केला आणि म्हणाल्या, "काका, ही मुद्दाम लांब का करतात, ते जरा सगळ्यांना सांगा ना." त्या हसत नव्हत्या. मग मी सांगितलं. वीस मिनिटं. फळ्यावर नमुना काढला, वाळू काढली, शंभराला एक म्हणजे पाचशेला किती, बाराशेला किती, असं विचारत गेलो. ज्यांना शेकडेवारी महिनाभर कळत नव्हती ते पटापट उत्तरं द्यायला लागले. मावशीनं तर चादरी धुतल्यावर किती आटतात त्याचा हिशेब करून दाखवला. आता तरी बाई गुण देतील असं वाटलं.

"छान समजावलंत काका. गुण अकराच."

"पण माझं उत्तर माझ्या पट्टीनं बरोबर आहे की नाही?"

"तुमच्या पट्टीनं आहे. प्रश्न तुमच्या पट्टीनं विचारला नव्हता."

या मुलीशी वाद घालणं शक्य नाही. तू आणि ती समोरासमोर आलात तर मला तिकीट काढून बघायला आवडेल.

वर्ग सुटल्यावर त्या माझी नोंदणीची पावती घेऊन आल्या. त्यावर त्यांची सही हवी असते, चाचणीनंतर. सही करता करता म्हणाल्या, "काका, इथे तुम्ही सातवी लिहिलंय. पण हातानं वर्तुळ तुम्ही असं काढता की मला कंपासनं येत नाही. आठवीत भूमिती असते. थोडी शिकला होतात का?"

तर गुण्या, पहिली गोष्ट ही. सातवी.

तुझ्या शाळेच्या, कॉलेजच्या, वाचनालयाच्या, प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या शिक्षणापुढे मी दहावी उत्तीर्ण लिहिलं. तुलाही लहानपणापासून तेच सांगितलं. ते खरं नाही. आठवीत सहामाही परीक्षेला बसलो, तो माझा शाळेतला शेवटचा दिवस. भूमितीच्या मास्तरांनी माझा कागद वर धरला आणि म्हणाले, वर्तुळ हातानं काढा सांगितलं होतं, तू कंपास वापरलास. मी म्हटलं, हातानंच काढलं. ते म्हणाले, हातानं असं येत नाही, आणि कागद फाडला. मी उठून बाहेर आलो तो आलोच. आमच्याकडे फीचे पैसे होते. वडील दोन वेळा समजवायला आले, मास्तरही एकदा येऊन गेले. मीच गेलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण सातवी म्हटलं की लोक लगेच गरिबीची गोष्ट स्वतःच रचून हळहळतात. तसं काही नव्हतं. होता तो हट्ट.

उजळणी म्हणून जातो असं मागच्या पत्रात लिहिलं, तेही खोडून टाक. जे कधी वाचलंच नाही त्याची उजळणी कसली?

आईला सातवीचं लग्नापासून माहीत आहे. दहावीचं तिनं कधी कुणासमोर खोडलं नाही, एवढंच. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

दुसरी गोष्ट उरली. ती याच्याहून वाईट आहे.

तुझे,
बाबा


दि. ५ जानेवारी, शुक्रवार

गुण्या,

मागच्या पत्रावर तू दोन ओळी पाठवल्यास. "सातवी की दहावी, मला काय फरक पडणार होता बाबा? एवढ्यासाठी सगळं?" पत्र मी कारखान्यात फोडलं, पंधरा वेळा वाचलं आणि त्या दिवशी एका कवचाची फळी उलटी कापली. तीस वर्षांत पहिली फळी वाया गेली.

फरक पडला. तेच सांगायचं आहे.

तू सतरा वर्षांची होतीस. इमारती बांधायचं शिकवणाऱ्या त्या कॉलेजात तुला जागा मिळाली होती, फी आपल्या आवाक्याबाहेर होती, म्हणून तू एका संस्थेकडे गुणांवर शिष्यवृत्ती मागितली होतीस. तुला नकाराचं पत्र आलं. यादीत तुझ्यावर कोण होतं, किती गुणांनी, याचा तू किती दिवस विचार करत होतीस ते मी बघितलं आहे. मग तू दोन वर्षांचा स्वस्तातला अभ्यासक्रम केलास. आता दुसऱ्यांनी ठरवलेल्या घरांच्या रेषा ओढतेस आणि तुझ्याहून कमी हुशार मुलं, हातात पदवी आहे म्हणून, तुझ्या रेषांवर लाल पेन फिरवतात. हे तुझेच शब्द.

तुझ्या नकाराच्या पत्राआधी बारा दिवस एक पत्र मला आलं होतं. कारखान्याच्या पत्त्यावर. तू अठराची नव्हतीस, म्हणून पालकाच्या नावानं. त्यात लिहिलं होतं की गुणांच्या यादीतल्या जागा भरल्या आहेत, पण संस्थेचा आणखी एक निधी आहे, ज्या घरात आईवडिलांपैकी कुणीही दहावी झालेलं नाही त्या घरातल्या मुलामुलींसाठी. आपण या अटीत बसत असाल तर सोबतच्या कागदावर तसं लिहून सही करावी, आपल्या मुलीची निवड झाली आहे असं समजावं. आई चौथी, मी सातवी. अट आपल्या मापाची होती. एक सही करायची होती.

कागद माझ्या बाकावर होता. आजूबाजूला सहा कामगार होते, आणि त्या सहांना मी दहावी पास म्हणून माहीत होतो, त्यांचे अर्ज मी लिहून देत असे. कुणी बघत नव्हतं, तरी मी तो उलटा करून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत सरळ केला आणि त्यावर लिहिलं. काय लिहिलं ते मला आठवत नव्हतं, म्हणजे आठवू द्यायचं नव्हतं. या ऑक्टोबरमध्ये मी त्या संस्थेत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी जुनी फाइल काढली आणि मला वाचून दाखवलं. "मी दहावी उत्तीर्ण आहे. माझ्या मुलीला कुणाच्या दयेची गरज नाही." खाली माझी सही, ठळक, वळणदार. बाई म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुमचं."

मी तिथे का गेलो, तर तू निघालीस त्या सकाळमुळे. तू बॅग बांधत होतीस. म्हणालीस, "बाबा, मला कुणी एकदा तरी विचारलं असतं ना, एकदा, तर मी करून दाखवलं असतं." आणि मी म्हणालो, "लायकी असती तर विचारलं असतं." बॅगेची चेन लावलीस. तुला विचारलं होतं, गुण्या. उत्तर मी दिलं होतं, आणि ते मला ठाऊक असताना मी तुला लायकी म्हणालो. दहा महिने ते वाक्य माझ्या कानात करवतीसारखं मागेपुढे होत राहिलं. मग गेलो.

आता नीट वाच. त्या निधीची वयाची अट तेवीस आहे. तुला ऑगस्टमध्ये तेवीस पूर्ण होतील, प्रवेश जुलैत आहे. म्हणजे हे शेवटचं वर्ष. अर्ज ३१ जानेवारीपर्यंत. त्यांच्या फाइलीत माझं दहावी उत्तीर्ण आहे, ते खोटं होतं असं मी लेखी द्यायचं होतं, आणि सातवीचा पुरावाही. आता सांग, जे आपण शिकलो नाही त्याचा पुरावा कुठे मिळतो? माझी शाळा पाडून तिथे गोदाम झालं. तिची दप्तरं कुठे गेली, तीन कचेऱ्यांना माहीत नाही. एका कचेरीत म्हणाले, शाळा सोडल्याचा दाखला आणा, म्हणजे शाळा कुठली होती ते शोधू. शाळा कुठली होती ते मीच सांगत होतो! शेवटी संस्थेच्या त्याच बाई म्हणाल्या, प्रौढांच्या वर्गात नाव घाला, चाचणीनंतर ते इयत्तेची सही-शिक्क्याची पावती देतात, ती चालेल. म्हणून मी त्या रांगेत तीन तास उभा होतो. पावतीसाठी.

शिक्का होऊन पावती डिसेंबरमध्येच मिळाली. काम झालं होतं. तरी मी वर्गाला जातो. का, ते मला नीट लिहिता येत नाही. अकरा गुण मला मान्य नाहीत, असं समज.

मी संस्थेला हेही विचारलं की एप्रिलमध्ये मी पास झालो तर तुझं अडेल का. तिथल्या बाई म्हणाल्या, ३१ जानेवारीला तुम्ही जे असाल ते धरतात. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काही घाई नाही भाऊ. तुमचं बीजगणित बघता एप्रिलपर्यंत पोरगी सुरक्षित आहे."

कालच आईलाही सगळं सांगितलं. तिनं शिवणयंत्र थांबवलं. चाकावर हात ठेवून बसली. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "उद्याच्या टपालात पत्र गेलं नाही तर मी फोन करते. आणि मी सांगितलं तर तुमच्यापेक्षा कमी शब्दांत सांगेन." आज सकाळी चहा समोर ठेवला, कप हातात दिला नाही.

सोबत तीन कागद आहेत. एक, पावती, तिच्यावरची इयत्ता, तारीख, शिक्का, वर्गातल्या बाईंची सही, सगळं तपासलं आहे. मी संस्थेला दिलेल्या जबाबाची प्रत. त्यात दहावी उत्तीर्ण हे खोटं होतं आणि ते मी मुलीच्या नकळत लिहिलं, असं स्पष्ट आहे. आणि कोरा अर्ज. त्यात मी एक अक्षरही भरलेलं नाही. पेन्सिलनंसुद्धा नाही. तू करायचा की नाही ते तू ठरव. पाच वर्षं गेली, नोकरी आहे, आता अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं, हे सगळं तू म्हणशील, आणि ते म्हणायचा हक्क तुला आहे. तिसरीच्या बाकावर बसणं कसं असतं ते मी सांगू शकतो, पण तुझं तुझ्यापाशी.

माफी मागायला मी हे लिहिलं नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि एक उत्तर तुझ्या वतीनं मी आधीच देऊन बसलो आहे. तू घरी आलीस तर ये. नाही आलीस तरी अर्जावर वडिलांच्या शिक्षणापुढे सातवी लिही, न लाजता. लाजायचं ते माझं लाजून झालं.

कशाला नाही म्हणालो ते तू कुणा दुसऱ्याकडून ऐकू नयेस, म्हणून त्या पत्रातून जसंच्या तसं उतरवतो, मग सही करतो: चार वर्षांची संपूर्ण फी, वसतिगृह आणि पुस्तके. एकूण चार लाख बहात्तर हजार पाचशे. देणारे तयार होते, घेणारी तू होतीस, नाही मी म्हणालो.

बाबा